डोक्यातलं स्टोअर

कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला आपल्याकडे दोन गोष्टी हमखास मिळतात, शाल आणि सल्ला. मला पहिल्याच दिवशी दोन्ही मिळाल्या.

नऊ महिन्यांनी मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या पंपांच्या कंपनीत पाऊल टाकलं, तर गेटवर माझाच फोटो. उल्हासनगरातून छापून आणलेला सहा बाय चारचा फ्लेक्स. 'मृत्यूला नमवून परतलेल्या रणरागिणी उमा मॅडम यांचे सहर्ष स्वागत.' फोटो दहा वर्षांपूर्वीच्या पिकनिकचा, आणि त्याला झेंडूचा हार. हार घालायची अक्कल कोणाची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. माल घेऊन आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरने खाली उतरून फ्लेक्सला हात जोडले आणि वॉचमनला हळूच विचारलं, "कब गुजर गयीं?" मी शेजारीच उभी होते, केसांचा टोप सावरत. हा टोप मी उल्हासनगरातूनच घेतला होता. दुकानदार म्हणाला होता, "दीदी, इसमें आप पहले से भी यंग लगती हो." त्यामुळे ड्रायव्हरने मला ओळखलं नाही.

कॅन्टीनमध्ये सत्कार झाला. एचआरच्या राजसीने माईकवर सांगितलं की मॅडम वाघिणीसारख्या लढल्या. कसली लढाई? लढले ते डॉक्टर. मी आडवी पडून ओकत होते. पण सत्काराच्या दिवशी असं खरं बोलणं बरं दिसत नाही, म्हणून शाल पांघरून हसत राहिले. एप्रिलचा महिना, अंगावर लोकरीची शाल, आणि रोजच्या गोळीमुळे तासा-दोन तासांनी आतून पेटणारी भट्टी. भाषणं पाऊण तास चालली. तेवढा वेळ मी उभी, कारण सत्कारमूर्तीला खुर्ची द्यायची राहून गेली होती. मी नव्हते तेव्हा स्टोअरचे किती हाल झाले, हे प्रत्येकाने जवळ येऊन सांगितलं. फक्त नितीन फिटर, ज्याच्या जिभेला हाड नाही, म्हणाला, "तानी होती ना मॅडम, म्हणून निभलं." तानी म्हणजे आमच्या स्टोअरची हेल्पर. मी ते विनोद म्हणून सोडून दिलं.

सत्कार संपल्यावर राजसीने मला बाजूला घेऊन एक पत्र दिलं. भाषा फार गोड होती. तीन महिन्यांनी माझा आढावा घेतला जाईल. मी 'पूर्ण क्षमतेने' काम करते आहे असं दिसलं तर उत्तम, नाहीतर माझ्या प्रकृतीच्या काळजीपोटी कंपनी मला सन्मानाने मोकळं करेल.

"फॉर्मॅलिटी आहे मॅडम," राजसी म्हणाली. "तुम्ही तर फायटर आहात."

मला ती नोकरी हवी होती, हे आधीच सांगून टाकते. दर सहा महिन्यांच्या तपासण्या, स्कॅन, पाच वर्षांच्या गोळ्या, सगळं कंपनीच्या मेडिक्लेमवर. नोकरी गेली की तो गेला. बाहेर नवीन पॉलिसीची चौकशी केली तर आजाराचं नाव ऐकताच एजंटाची रेंज गेली, ती अजून आलेली नाही. रणरागिणीचा विमा उतरवायला कोणी तयार नसतं. पण खरं सांगायचं तर मेडिक्लेम हे लोकांना सांगायचं कारण. घरी मी पेशंट होते. स्टोअरमध्ये लोक मला विचारायला यायचे. ते विचारणं मला परत हवं होतं, आणि ते गेलं तर माझ्याकडे दुखण्याशिवाय काही उरणार नव्हतं.

आता स्टोअरविषयी. तिथे पंपाचे साडेतीन हजार प्रकारचे सुटे भाग आहेत. काही कपाटांत, काही पत्र्याच्या डब्यांत, काही दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यांत. शिवाय वर एक लोखंडी माळा. तिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी विकलेल्या, आता बनतही नसलेल्या पंपांचं सामान. कम्प्युटरला फक्त 'किती आहे' एवढं ठाऊक. 'कुठे आहे' ते माझ्या डोक्यात. बावीस वर्षं हीच व्यवस्था होती. कोणी दारात येऊन भागाचं नाव घेतलं की मी मान वर न करता म्हणायचे, "तानी, तिसरं कपाट, दुसरा खण, मागे," आणि तानी घेऊन यायची. जुने शेठ पाहुण्यांना मुद्दाम स्टोअर दाखवायला आणायचे. मला एखादा आडनिडा भाग विचारायचे, मी जागा सांगायचे, तानी भाग आणून ठेवायची, आणि शेठ पाहुण्यांकडे असे बघायचे की जणू मला त्यांनीच घडवलंय.

चिठ्ठ्या का लावल्या नाहीत, असं तुम्ही विचाराल. लावल्या नाहीत, कारण मी मूर्ख नव्हते. लिहून ठेवलं की कोणीही वाचतं, आणि कोणालाही वाचता आलं की मग आपली गरज कोणाला? दोन मॅनेजरांनी मला लेबलं लावायला सांगितलं. मी दोघांनाही हो म्हटलं. दोघंही कंटाळून दुसरीकडे गेले आणि मी तिथेच राहिले.

कामावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी नितीन दारात आला. "मॅडम, पन्नास एमएमचा मेकॅनिकल सील द्या ना. पार्टी डोक्यावर बसलीये."

मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. सील म्हणजे काय ते कळत होतं. पंपाच्या दांड्यावर बसून गळती थांबवते ती कडी. पण ती कुठे असते, ती जागाच ओल्या फडक्याने पाटी पुसावी तशी पुसली गेली होती. दरदरून घाम फुटला. घामाचं एक बरं आहे, माझ्या बाबतीत तो कशानेही फुटतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही.

"तानी," मी ओरडले, "सील." पुढचं वाक्य आलंच नाही.

तानी उठली, गेली, घेऊन आली. नितीन गेला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. केमोत केस गेले तेव्हाही मी एवढी रडले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, होतं असं, केमोनंतर बऱ्याच जणांना होतं, हळूहळू सुधारेल. किती हळू, ते त्यांना सांगता आलं नाही. बदलापूरला सोनिवलीत आमचं घर. तिथे संध्याकाळी नवऱ्याला, श्रीपादला, सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, माझंही तसंच होतं. काल चष्मा फ्रिजमध्ये ठेवला होता."

हे वाक्य मी त्या महिन्यात किमान चाळीस जणांकडून ऐकलं. बोटं बधिर आहेत म्हटलं, माझंही तसंच होतं. जिना चढून धाप लागते म्हटलं, माझंही तसंच होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे सगळ्यांचंच जळत होतं आणि कळत कोणालाच नव्हतं. श्रीपादने रोज सकाळी भिजवलेले बदाम द्यायला सुरुवात केली आणि संध्याकाळी परीक्षा घ्यायला. "सकाळी बदाम किती खाल्लेस?" मला आठवत नसे. "सहा!" तो म्हणायचा आणि वहीत खूण करायचा. निवृत्तीनंतर त्याला एवढं मन लावून करायला काही मिळालं नव्हतं. त्याचा जीव आहे माझ्यावर, हे मला माहीत आहे. म्हणूनच वाटी फेकून मारली नाही.

पण परीक्षेची ती कल्पना मला उपयोगी पडली.

दुपारी एक ते दीड सगळे कॅन्टीनमध्ये असतात. स्टोअरमध्ये मी आणि तानी. तानी बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या अंगाला असलेल्या एका डोंगरवाडीतली. वय माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी कमी असेल, तिलाही नक्की माहीत नाही. माझ्यासारखीच बावीस वर्षं इथे, पण कंत्राटावर. वाचता येत नाही, पण प्रत्येक भागाला तिचं स्वतःचं नाव. गास्केट म्हणजे भाकरी. सील म्हणजे बांगडी. पंपाच्या पोटात फिरणारं चाक, ज्याला आम्ही इम्पेलर म्हणतो, ती भिंगरी.

"तानी," मी एक दिवस म्हटलं, "तुझी परीक्षा घेते. सांग बघू, ह्या खणात काय काय आहे?"

"माजी कशाला परीक्षा? मना काय बढती द्याची हाय?"

"सांग तर."

तिने खणाकडे पाहिलंही नाही. "वरती बारक्या बांगड्या. तेच्या मागं तांबड्या भाकऱ्या, दोन भोकांच्या. खाली पितळंच्या भिंगऱ्या, तीन. एक चेपलेली हाय."

मी मास्तरणीसारखी मान हलवून "बरोबर" म्हणायचे. ती जेवणाचा डबा उघडायला बाहेर गेली की पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून खणाच्या आतल्या बाजूला चिकटवायचे, बाहेरून कोणाला दिसू नये असं. बधिर बोटांतून पेन निसटायचं. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. भागाचं कंपनीतलं नाव आठवलं तर ते लिहायचे. नाही आठवलं तर तानीचंच. 'तांबडी भाकरी, २ भोकं.' आठवेल तेव्हा बदलू, असं ठरवून. दीड महिन्यात सगळी कपाटं झाली. माळा तेवढा राहिला, कारण शिडी चढायची ताकद माझ्यात नव्हती. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजतो. त्यावर मनगटापासून दंडापर्यंत घट्ट मोजा चढवावा लागतो आणि वजन उचलायची बंदी.

आता कोणी दारात आलं की मी स्वतः उठायचे, खण उघडायचे, चोरून वाचायचे आणि भाग काढून द्यायचे. बावीस वर्षं खुर्चीतून न उठलेली बाई उठायला लागली, ह्याचाही लोकांनी अर्थ लावला. आजारपणाने माणूस किती नम्र होतो बघा, असं माझ्याविषयी कॅन्टीनमध्ये बोललं जात होतं.

जूनमध्ये एक दिवस मी बाथरूममधून परत आले, तर अनीश पाचव्या कपाटासमोर उकिडवा बसलेला. अनीश आमचा नवीन मॅनेजर, एकोणतीस वर्षांचा, मी रजेवर असताना आलेला. बेअरिंग शोधायला म्हणून त्याने स्वतःच खण उघडला होता आणि आतली चिठ्ठी हातात धरली होती. संपलं सगळं, मला वाटलं.

"मॅडम, हे तुम्ही केलंत?"

मी टोप सावरला.

"प्रत्येक खणात?" त्याचे डोळे चक्क भरून आले होते. "एवढ्या ट्रीटमेंटमधून आल्यावर? ह्या हाताने? मॅडम, सीरियसली, हॅट्स ऑफ. आणि ही भाकरी काय भन्नाट आहे! कोणत्याही नवीन माणसाला एका मिनिटात कळेल. ट्रेनिंगच नको."

कोणत्याही नवीन माणसाला. हे शब्द मी ऐकले, पण पकडले गेले नाही ह्या आनंदात त्यांचा अर्थ लागला नाही. डोकं त्या दिवसांत तसंही फारसं काही आत घेत नव्हतं.

पुढे सगळं भराभर झालं. अनीशने चिठ्ठ्यांचे फोटो काढून हेड ऑफिसला प्रेझेंटेशन दिलं. त्यात एका मोठ्या पानावर फक्त 'तांबडी भाकरी' होती आणि ती बघून कोणीतरी मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. तीन आठवड्यांत प्रत्येक खणावर बारकोड लागला आणि स्टोअरमध्ये टॅबलेट आला. मला महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रमाणपत्र मिळालं, सोबत दुसरी शाल. तानीने त्या दिवशी सगळ्यांना चहा दिला.

आणि मग जुलैत आढावा. राजसी आणि अनीश दोघंही स्टोअरच्या केबिनमध्ये आले, म्हणजे मला जिना चढायला नको. ही काळजी बघूनच मला शंका आली.

"मॅडम, तुम्ही जे केलंत ते अमेझिंग आहे," राजसी म्हणाली. "स्टोअर आता कोणा एका व्यक्तीवर अवलंबून राहिलेलं नाही. त्यामुळे तुम्ही आता अगदी निश्चिंत मनाने आराम करू शकता. ह्या महिनाअखेरीपासून."

हात दाखवून अवलक्षण ते हेच. जे ह्याच भीतीने बावीस वर्षं लिहिलं नाही, ते सगळं मी नोकरी वाचवायला लिहून काढलं, आणि त्यानेच नोकरी चालली होती. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं.

"माळ्याचं काय?" मी म्हटलं.

अनीशने टॅबलेटमध्ये पाहिलं. "हो, माळा राहिलाय."

"तिथे जुन्या पंपांचं सामान आहे. त्याची ड्रॉइंग नाहीत, कोड नाहीत. जुनी गिऱ्हाइकं अजून मागतात. ते सगळं इथे आहे." मी कपाळावर बोट ठेवलं. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. माळ्यावर काय आहे विचारलं असतं तर मला 'धूळ' एवढंच सांगता आलं असतं.

माझ्या नशिबाने, किंवा दुर्दैवाने म्हणा, तेवढ्यात नितीन घुसला. त्याच्या हातात एक झिजलेलं लोखंडी नळकांडं होतं. "अनीश सर, हे जांभूळ गावच्या पार्टीचं, जुन्या पंपाचं स्लीव्ह. टॅबलेटमध्ये दाखवत नाय. आहे का नाय ते बोला, नायतर नवीन बनवायला दहा दिवस जातील. तिकडे लाइन बंद आहे."

अनीशने माझ्याकडे पाहिलं. राजसीनेही. मी ते नळकांडं हातात घेतलं. गार होतं, एवढंच माझ्या बोटांना कळलं. बाकी डोक्यात शुकशुकाट. मग मी उठले, दारापर्यंत गेले आणि जुन्या आवाजात हाक मारली. "तानी! ह्याचा भाऊ आण."

तानीने नळकांडं घेतलं, उलटंपालटं केलं, आतून बोट फिरवलं आणि शिडीकडे गेली. मी परत येऊन पायावर पाय टाकून बसले. चार मिनिटं गेली. वर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग तानी खाली आली आणि टेबलावर तसंच्या तसं, कोरं, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेलं स्लीव्ह ठेवलं.

"बाप रे," अनीश म्हणाला.

राजसीने कागद बाजूला सारले. "मग एक वर्ष वाढवू या. मॅडमच्या डोक्यातला माळा सिस्टिममध्ये घ्यायचा, हे ह्या वर्षाचं टार्गेट." तिने काहीतरी लिहिलं. "स्टोअरला आता मंजुरी एकाच माणसाची आहे, पण ते ॲडजस्ट होईल. हेल्पर एक तारखेपासून बंद करू. कंत्राटीच आहे, प्रॉब्लेम नाही."

खरं सांगते, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. माझी वाचली होती. लाज त्यानंतर वाटली. आणि त्याच्याही नंतर भीती, कारण तानी गेली तर मी दुसऱ्याच दिवशी उघडी पडणार होते. त्यामुळे पुढे जे बोलले ते लाजेने की भीतीने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"थांबा," मी म्हटलं. "मला काहीही आठवत नाही. माळाही नाही आणि कपाटंही नाहीत. त्या चिठ्ठ्या मी तानीला विचारून लिहिल्या. आत्ताचं स्लीव्हही तिनेच शोधलं. मला ते कुठे होतं ते ठाऊक नव्हतं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राजसीने माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या आवाजात पाणी होतं. "मॅडम, किती मोठं मन आहे तुमचं."

"मन नाही, डोकं. डोकं रिकामं झालंय."

"मॅडम, आत्ता आम्ही डोळ्यांनी पाहिलं," अनीश म्हणाला.

"तुम्ही तानीला पाहिलं. मी नुसतं म्हटलं, ह्याचा भाऊ आण."

"तेच तर! तेवढ्यात तिला कळलं. बावीस वर्षांची ट्रेनिंग आहे ती तुमची."

"अहो, मला साधा सील कुठे ठेवलाय ते आठवत नाही!"

"मॅडम," राजसी प्रेमाने म्हणाली, "माझंही तसंच होतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहीचं बटण काढलं, डाव्या हातावरचा मोजा ओढून खाली केला आणि तो हात त्यांच्या कागदांवर ठेवला. मनगटापर्यंत फुगलेला, मोज्याचे वळ उठलेले, उजव्याच्या दीडपट. अनीश खुर्ची मागे सारून बसला. राजसीने दुसरीकडे पाहिलं.

"ह्या हाताने मला एक खोकंसुद्धा उतरवता येत नाही," मी म्हटलं. "तानी नसेल तर माळा होणार नाही. वर्षात नाही, दहा वर्षांत नाही. लिहून घ्या."

"शुअर मॅडम, शुअर," राजसी घाईघाईने म्हणाली. "मेडिकल ग्राउंडवर बसवता येईल. तुम्ही प्लीज... ते घाला."

डोकं गेलंय ह्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. हात सुजलाय ह्यावर लगेच बसला, कारण तो टेबलावर होता. तानीची नोकरी माझ्या सुजेने वाचवली. सूज उतरू नये अशी प्रार्थना मी त्या दिवशी पहिल्यांदा केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही माळ्याचं काम सुरू केलं. तानी वर, मी खाली स्टुलावर, मांडीवर पुठ्ठ्याचे तुकडे. तिला आढाव्यात काय झालं ते कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं, सगळं. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं तेही सांगितलं. ती वर पाय सोडून बसली आणि ऐकत राहिली.

"आणि ती परीक्षा खोटी होती गं," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं म्हणून विचारत होते. ह्या आजाराने माझं डोकं नेलं."

"मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. सील बोलल्या न् गप बसल्या, तवाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? तुमी आदी पन चुकाच्या."

"आधी म्हणजे?"

"आदी म्हंजे आदी. ठनठनीत व्हत्या तवा." ती अगदी सरळपणे सांगत होती, पावसाळ्यात वाट कुठून जाते ते सांगावं तसं. "तुमी बोलाच्या तिसरा कपाट, मी पाचव्यातनं आनाची. नवा माल आला का जागा बदलते. तुमी खुर्चीतनं उठत नव्हत्या, तुमाला कोन सांगनार? शेठ पाहुनं घेऊन याचं तवा मना लय भ्या वाटाचा. बाय चुकली न् मना गावला नाय तर?"

"किती वेळा चुकायचे मी?"

"मोजाला कोन बसलंय." तिने थोडा विचार केला. तिला मला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं. "धा मधनं चार."

दहातले चार. ज्या डोक्यासाठी मी तीन महिने बाथरूममध्ये जाऊन रडत होते, बदाम खात होते, खोटं बोलत होते, ते डोकं निरोगी असतानाही दहातले चार. मला राग यायला हवा होता. हसू आलं, आणि हसता हसता काखेखालचा व्रण ओढला गेला म्हणून डोळ्यांत पाणी आलं. तानी वरून बघत राहिली. तिला ह्यात हसण्यासारखं काही दिसलं नसावं.

मग तिने पहिलं खोकं कडेला ओढलं आणि त्यावरची धूळ पदराने पुसली. मी पेन घेतलं. खोक्याच्या आकारावरून मला काहीतरी आठवल्यासारखं झालं. "त्यात बेअरिंगं असणार," मी म्हटलं आणि लिहायला लागले.

"थांबा," तानी म्हणाली. "मी सांगन ते लिवा. तुमच्या मनचं नको."

मी लिहिलेलं खोडलं आणि ती सांगायची वाट बघत बसले.